पर्याय क्रमांक दोन

कोरम अजून भरलेला नाही. सचिव हजेरीचं रजिस्टर मांडीवर उघडं ठेवून बसलाय आणि दर थोड्या वेळानं बोट खाली सरकवत नावं मोजतोय. पुरुष आलेत. बायका मात्र निम्म्याहून जास्त अजून मोहाखाली आहेत. पहाटे गळलेलं फूल वेळेत वेचलं नाही तर ते गुरांच्या पोटात जातं, त्यामुळे या दिवसांत या मुलखात दुपारच्या आत सभा भरत नाही, मग ती कुणीही बोलावलेली असो.

2025 च्या मार्चचा शेवटचा आठवडा आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेला, छत्तीसगडला खेटून असलेल्या कोरची तालुक्यातलं हे गाव. नाव सांगत नाही. आज इथं तेंदूपत्त्याचा सौदा ठरायचाय, भाव बोलले जाणार आहेत आणि मागच्या बुडव्यांचा उद्धारही होणार आहे. बाहेरच्या माणसाला बसू द्यायचं, पण गाव आणि आकडे छापायचे नाहीत, अशी अट गावपाटलानं मला आधीच घातलीये.

समाजमंदिराला तीन बाजूंनी भिंती आणि वर टिन आहे. टिन तापलाय. मधल्या भिंतीवर निळ्या रंगात गावाला सामूहिक वनहक्क मिळाल्याचं वर्ष आणि जंगलाचं क्षेत्र रंगवलेलं आहे. क्षेत्राचा आकडा पुसट झालाय, पण तो वाचायची गरज मला सोडून कुणालाच नाही. पोराटोरांनाही शीव पाठ आहे: या नाल्यापासून त्या पहाडीच्या धारेपर्यंत. बाहेर अंगणात मोहफूल वाळत पडलंय आणि त्याचा गोडसर, जड वास आत येतोय. चिंचेखाली एक मोटारसायकल उभी आहे. तिच्यावर चामडी पिशवी मांडीवर घेऊन एक माणूस बसलाय. हा ठेकेदाराचा माणूस. त्याला अजून आत बोलावलेलं नाही, आणि बोलावेपर्यंत तो येणारही नाही.

ही गोष्ट वरवर साधी वाटते. पण इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांच्या उमेदीत तेंदूच्या ठेकेदाराचा माणूस खाटेवर बसायचा आणि गाव उभं असायचं.

"भाऊ, लिहून घ्या, आल्या," कुणीतरी ओरडतं. डोक्यावर टोपल्या, कमरेला खोचलेले पदर, अशा बायकांचा घोळका अंगणात शिरतो. टोपल्या बाहेर उतरवून त्या डाव्या भिंतीशी बसतात. रजिस्टर फिरू लागतं. सह्या, अंगठे, पुन्हा सह्या. सचिव शेवटचं नाव मोजतो आणि मान हलवतो. कोरम झाला.

आज ग्रामपंचायतीची माणसं खुर्चीवर नाहीत, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला चुकल्यासारखं वाटेल. ग्रामपंचायत आहे, पण ती गट ग्रामपंचायत. तिचं कार्यालय तीन-चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावात आहे आणि तिच्यात अशी बरीच गावं आणि टोले येतात. ग्रामसेवकाला गेल्या वर्षीपासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असं सरकारनं ठरवलंय. इथं तो अजून ग्रामसेवकच आहे, आणि आज त्याचं इथं काही काम नाही. पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा दिलेली आहे. ही ती सभा. पंचायत निवडून येते, सभा निवडून येत नाही. मतदारयादीत नाव असलं की झालं.

पेसा संसदेनं केला डिसेंबर 1996 मध्ये. महाराष्ट्रानं त्याचे नियम केले मार्च 2014 मध्ये. म्हणजे कायदा मंजूर झाला त्या वर्षी जन्मलेली मुलगी नियम येईपर्यंत मतदार व्हायला आली. विकेंद्रीकरणाबद्दल मुंबईत जी भाषणं होतात ती ऐकताना ही दोन सालं जवळ ठेवावीत, असं मला वाटतं.

सचिव विषय वाचतो. विषय पहिला: तेंदूपत्ता हंगाम, पर्याय क्रमांक दोननुसार विक्री.

हा 'पर्याय दोन' इथं पोरांच्याही तोंडी आहे. 1969 च्या वनोपज व्यापाराच्या कायद्यानं तेंदूपत्त्याचा व्यवहार सरकारच्या हातात गेला. वनविभाग जंगलाची युनिटं पाडायचा, त्यांचा लिलाव करायचा, ठेकेदार ठरवायचा. गावाच्या वाट्याला मजुरी, आणि पुढं कधीतरी बोनस. आपलं जंगल कितीला गेलं, हे गावाला गेल्यावर कळायचं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं तेंदू आणि बांबू धरून सगळ्या गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली, आणि मग सरकारनं गावांपुढं दोन वाटा ठेवल्या. पर्याय एक म्हणजे लिलाव वनविभागानंच करायचा आणि खर्च वजा जाता रक्कम गावाला द्यायची. पर्याय दोन म्हणजे गावानं स्वतः जाहिरात द्यायची, स्वतः ठेकेदार बोलवायचा, स्वतः करार करायचा, स्वतः पैसे वसूल करायचे.

आणि बुडाले तर स्वतः बुडायचं. हे कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नसतं.

सचिव पंचविशीचा आहे, बारावी झालेला, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावलेला. तो दोन लिफाफे फोडतो. पहिला ठेकेदार गोंदियाकडचा. गोणीमागे भाव चांगला देतोय, पण पैसा माल उचलल्यावर, टप्प्याटप्प्यानं. दुसरा सीमेपलीकडचा. त्याचा भाव गोणीमागे काही शेकड्यांनी कमी आहे, पण अर्धी रॉयल्टी हंगामाआधी ग्रामसभेच्या खात्यात भरायला तयार आहे.

गोणी म्हणजे प्रमाण गोणी: सत्तर पानांचा एक पुडा, आणि असे हजार पुडे. सत्तर हजार पानं. मे महिन्यात घरात चांगले हात असतील तर दिवसाला दोन-तीनशे पुडे बांधून होतात. पहाटे तीनला उठून जंगलात जायचं, दहा-अकराला परत, दुपारभर पानं लावून दोरीनं बांधायची, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, नेऊन ठेकेदाराच्या मुंशीसमोर मोजून द्यायची. हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा. त्यातच पाऊस आला तर त्याहून कमी. इथल्या बऱ्याच घरांत वर्षाचा रोख पैसा म्हणजे हे दोन आठवडे. मजुरी शेकड्यानं घराला मिळते, रॉयल्टी ग्रामसभेला. त्यातली बरीचशी सभा पुड्यांच्या हिशोबानं घरोघर वाटते, थोडी कोषात ठेवते.

"जास्ती भेटते ते सोडाचं कायले?" उजवीकडून एक तरुण उठतो. अंगात टी-शर्ट, पायात बूट, नागपूरला काम करून आलेला असावा. "दोन पैसे जास्ती देते, आपल्याच जंगलाचे देते. घ्याचे."

त्याच्या बाजूचे माना डोलावतात. थोडा गलका होतो. बोलणं आता गोंडीत चाललंय, मध्येच छत्तीसगडी, आणि मला उद्देशून काही सांगायचं असलं की मराठीत. माझ्या शेजारचे काकाजी अधूनमधून सारांश देतात. पाचेक मिनिटं दोघं कडाडून भांडले की ते मला सांगतात, "भाव मोठा की गॅरंटी मोठी, ते सुरू हाय."

मग डाव्या भिंतीशी बसलेली एक बाई बसल्या जागेवरून बोलते. चाळिशीपुढची, बारीक, कोपरापर्यंत गोंदलेली. फळीवर पुडे मोजायला गावानं मुंशीसोबत जी माणसं नेमलेली असतात त्यांत ती एक, असं काकाजी कानात सांगतात.

"मोठा भाव आपुन पाह्यला हाय," ती म्हणते. "कागदावरचा भाव. तो कागद अजून पेटीत हाय. शिजवून खाऊ का?"

सगळे गप्प होतात. काही वर्षांपूर्वी या गावाच्या मालाचे बोद ट्रकात चढले, पहिला हप्ता आला आणि पुढचे आलेच नाहीत. फोन लागेना. गाव एका कार्यालयात गेलं, त्यानं दुसरीकडं बोट दाखवलं. दुसऱ्यानं सांगितलं, हा तुमचा खासगी करार. तिसऱ्यानं विचारलं, पर्याय दोन कुणी घेतला होता? तुम्हीच ना? गोणीमागचे पैसे बुडाले त्यापेक्षा हे वाक्य गावाला जास्त लागलंय, असं मला त्यांच्या बोलण्यातून वाटतं. जिल्ह्यात असे अनुभव बऱ्याच ग्रामसभांच्या गाठीला आहेत. मालकी मान्य झाली, पण वसुलीचा दांडा सरकारनं आपल्याकडंच ठेवला, किंवा खरं सांगायचं तर कुणाच्याच हातात ठेवला नाही.

"बोलवा त्याले," गावपाटील म्हणतो.

ठेकेदाराचा माणूस आत येतो. हा गोंदियावाला, मोठ्या भावाचा. चप्पल बाहेर काढतो, हात जोडतो. खुर्ची नसल्यानं सतरंजीवर बसतो. हिंदीत सुरुवात करतो: आमचं नाव जुनं, बिडीचा धंदा बसलाय, तेंदूपत्त्यावर 18 टक्के जीएसटी, वरून डिझेल, तरी आम्ही हा भाव देतोय.

"करारावर सही कोनाची?" सचिव विचारतो.

"मेरी ही समझिए."

"समजाचं नाई. मालक तुमी नाई. परवाना कोनाच्या नावावर हाय?"

माणूस पिशवीतून कागद काढतो. सचिव ते वाचतो, पुढच्या माणसाला देतो. कागद फिरतो. ज्यांना वाचता येत नाही तेही हातात घेऊन शिक्का बघतात, आणि त्यांचं बघणं दिखाऊ नाही. शिक्का कुठला असतो आणि कुठं नसतो हे आता त्यांना माहीत आहे. कुणी पॅनकार्डाची प्रत मागतं. कुणी विचारतं, माल साठवायला गोदाम कुठं, कारण गोदाम जवळ असलं तर पैसा येईपर्यंत माल अडवता येतो. हा प्रश्न ऐकून तो माणूस पहिल्यांदा घाम पुसतो.

अनामत किती, या प्रश्नावर तो अडतो. मालकाला विचारावं लागेल म्हणतो. मग सगळे त्याला घेऊन समाजमंदिराच्या मागं, एका दगडावर नेतात, कारण रेंज तिथंच येते, आणि तीही पलीकडच्या राज्यातल्या टॉवरची. तो दगडावर उभा राहून मालकाशी बोलतोय, खाली दहा-बारा माणसं हाताची घडी घालून उभी आहेत. मी त्यांच्यात.

मालक म्हणतो, उद्या सांगतो.

हे सगळं पाहताना मला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ची आठवण येणं अपरिहार्य आहे. कोरचीच्या दक्षिणेला, याच जिल्ह्यात. देवाजी तोफा आणि याच जानेवारीत गेलेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे त्या गावाचं नाव देशभर झालं. 2009 मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांत. तरी स्वतःच्या जंगलातला बांबू विकायला वाहतूक परवाना लागत होता आणि तो गावाला मिळत नव्हता. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हक्क मिळाल्यावर एक पावतीपुस्तक मिळवायला दिल्लीहून मंत्री यावा लागतो. मेंढ्याची गोष्ट सांगणारे बांबूच्या उत्पन्नावर थांबतात. मला ते पावतीपुस्तक जास्त बोलकं वाटतं. मेंढ्यात निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकाचा नकार असला तरी विषय पुढं ढकलतात. या गावानं तो रिवाज पूर्ण उचललेला नाही, पण हात वर करून मतं मोजायची इथंही लाज वाटते.

विषय तात्पुरता बाजूला ठेवतात, तेवढ्यात स्कुटीवरून सरपंच येते. तिशीची, पलीकडच्या मोठ्या गावची, महिला राखीव जागेवर निवडून आलेली. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या झाल्याला दशकाहून जास्त काळ झाला, आणि "सरपंचपती" नावाची जमात सगळीकडे आहे. ही मात्र एकटी आलीये. हेल्मेट काढत ती थेट सांगते, "माझ्याकडं अर्धा तास हाय. तुमचा निधीचा विषय घ्या."

निधी म्हणजे पेसाचा पाच टक्के अबंध निधी. आदिवासी उपयोजनेतली पाच टक्के रक्कम थेट अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींकडे, हे 2015 पासून सुरू झालं. अबंध, म्हणजे काय करायचं ते वरून सांगायचं नाही. अगदीच सांगत नाहीत म्हणणंही खरं नाही. पायाभूत सोयी, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण, जंगल-वन्यजीव असे चार कप्पे पाडून दिलेले आहेत. पण कप्प्याच्या आत काय, ते गावानं ठरवायचं. वित्त आयोगाच्या पैशाशी तुलना केली तर हा मोकळा श्वास आहे.

"त्या पैशातून रस्ता करून द्या ना," कुणीतरी म्हणतं. "आयोगाच्या."

सरपंच हसते. हा प्रश्न तिला प्रत्येक गावात विचारतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातले ऐंशी टक्के ग्रामपंचायतीला येतात खरे, पण त्यातले साठ टक्के बंधित: पाणी आणि स्वच्छता. "नळाचे पैसे हायेत, नळ हाय, पानी नाई," ती म्हणते. "रस्त्यासाठी उरते त्यात मुरूम बी पुरत नाई. मी का करू सांगा. माझ्या सहीनं पैसा निघते, पन कशाले निघाचा ते माझ्या हाती नाई."

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे म्हणून 29 विषय लिहिलेत. 1993 पासून. शेती, पाणी, शाळा, दवाखाने, रस्ते. या सरपंचाला तिच्या गावच्या शाळेत मास्तर नेमता येत नाही आणि आलेला मास्तर ठेवताही येत नाही.

तेव्हा मागच्या ओळीतून एक माणूस उठतो आणि सभेचा सूर बदलतो. तो टोल्यावरचा. टोला म्हणजे मूळ गावापासून दीड-दोन किलोमीटरवर, नाल्यापलीकडं, पंधरा-वीस घरं. पावसाळ्यात नाला भरला की टोला तुटतो.

"निधीचा विषय हाय तर आमचं बी लिहा," तो म्हणतो. "बोअर टोल्यावर घ्याची. दोन वर्षं झाली, ठराव होते आन बोअर इकडंच पडते."

"लोकसंख्या इकडं जास्ती हाय ना बा," उजवीकडून उत्तर येतं.

"मंग आमी वेगळं होतो. कागद टाकला हाय."

पेसाच्या नियमांत ही सोय आहे. एखाद्या पाड्याला, टोल्याला आपण स्वतंत्र गाव आहोत असं वाटलं तर त्यानं तसा ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडं पाठवायचा. चौकशी होऊन तो गाव म्हणून जाहीर होऊ शकतो, मग त्याची स्वतःची ग्रामसभा, स्वतःचा कोष. टोल्यानं ठराव पाठवलाय. गावाला ते आवडलेलं नाही.

"वेगळे होऊन का करान?" गावपाटील विचारतो. आवाज चढलेला नाही, पण डोळे बारीक झालेत. "पंधरा घरं. हिशोब कोन लिहीन? सचिव कोन होईन? खातं चालवता येते का तुमाले?"

मी लिहिता लिहिता थांबतो. हे वाक्य ओळखीचं आहे. 2014 च्या आधी, आणि नंतरही, जिल्ह्याच्या आणि राज्याच्या कचेऱ्यांत या गावांबद्दल अगदी हेच म्हटलं जायचं. एवढी लहान गावं, अडाणी माणसं, लाखांचे व्यवहार त्यांना झेपतील का? गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा जिल्हा झाला तेव्हाही असल्या शंका काढणारे होते. अधिकार खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडा वेळ बसतो, आणि बसलेल्या पायरीला तो आपलाच वाटू लागतो.

टोल्याचा माणूस सरळ उत्तर देतो: "तुमचा सचिव तरी शिकूनच आला का पोटातून?"

हशा होतो. सचिवही हसतो. पाटील हसत नाही. सरपंच घड्याळ बघते आणि तोडगा काढते: बोअर टोल्यावर, जागा टोल्यानंच दाखवायची, आणि ठरावात "टोल्यावर" हा शब्द ठळक लिहायचा. वेगळ्या गावाचा विषय तिच्या हातात नाही, ती तो हातात घेतही नाही. स्कुटी निघते.

या सगळ्यात जिल्हा परिषद कुठं आहे, असा प्रश्न मला पडतो. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर 1962 च्या महाराष्ट्रदिनी राज्यात जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. तेव्हा सत्तेचं विकेंद्रीकरण म्हणजे जिल्हा परिषद, असं समीकरण होतं आणि त्यातून राज्याला दोन-तीन पिढ्यांचे पुढारी मिळाले. गडचिरोलीची जिल्हा परिषद इथून शंभरेक किलोमीटरवर आहे. तिची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. तेव्हापासून निवडणूक नाही. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात, आणि कारभार प्रशासकाकडं. म्हणजे या घटकेला इथल्या रहिवाशाच्या डोक्यावर मुंबईत निवडलेलं सरकार आहे, पायाशी त्यानं स्वतः भरवलेली सभा आहे, आणि मध्ये, जिल्ह्याच्या पायरीवर, तीन वर्षं निवडून आलेलं कुणी नाही. मी हे काकाजींना बोलून दाखवतो.

"मेंबर होता तेव्हा बी तो इकडं कुठं येत होता," ते म्हणतात.

मेंबर यायचा नाही, यात मला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्याची उणीव भासत नाही याचं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्या कामासाठी माणसं जिल्ह्याची एस.टी. पकडायची, त्यांतली काही कामं आता या सतरंजीवर होतात. सगळी नाहीत. तेंदू गावाचा झाला, बांबू झाला, पण पेसात अधिकार आला तो गौण खनिजांपुरता. रेती, मुरूम, दगड. याच तालुक्यात झेंडेपारच्या लोहखनिजाच्या खाणीला ग्रामसभांनी विरोध केला. लोखंड गौण खनिजांत बसत नाही. मुरमाला नाही म्हणता येतं, त्याच्या खालच्या लोखंडाला नाही म्हणणं वेगळी लढाई होते.

आणि कामं इथं आली तशी त्रासही आला. पूर्वी पैसे बुडाले तर शिव्या साहेबाला देता येत. आता सचिवाला द्याव्या लागतात, आणि सचिव तर पाटलाचा पुतण्या. कोषाचं खातं, पॅन, आयकराचं विवरण, ऑडिट, हे सगळं सांभाळणाऱ्या या पोराला सभा वर्षाला जे मानधन देते ते तो मला सांगायला लाजतो. त्याच्या लग्नाचं बघतायत. मुलीकडचे विचारतात, मुलगा करतो काय? ग्रामसभेचा सचिव, हे उत्तर अजून कुणाच्या पचनी पडत नाही. तालुक्यातल्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली, तिथं हिशोबाचं शिक्षण मिळतं, एकमेकांच्या ठेकेदारांची माहिती मिळते, भाव पडू नये म्हणून एकत्र बसता येतं. तरी रात्री दिव्याखाली कॅशबुक जुळवायला शेवटी हाच बसतो.

ऊन कलतंय. पहिला विषय पुन्हा वर येतो. बूटवाला तरुण अजून मोठ्या भावावर अडून आहे. गोंदलेल्या हाताची बाई अजून आगाऊ पैशावर. दोघांच्या मध्ये बसलेली माणसं थकलीत, कुणीतरी चहा सांगितलाय.

वाट शेवटी एक म्हातारा काढतो, जो आतापर्यंत भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. गोंदियावाल्याला गुरुवारपर्यंत मुदत द्यायची. अर्धी रक्कम तोवर ग्रामसभेच्या खात्यात दिसली तर भाव त्याचा. नाही दिसली तर दुसऱ्याला बोलवायचं, त्याच्या भावात. "फोनवर हो म्हनला ते चालनार नाई," बाई जोडते. "पासबुकावर दिसाले पायजे. आन हेही लिही, हप्ता चुकला तर माल फळीवरून हलनार नाई."

सचिव लिहितो. दोन तासांच्या भांडणाच्या त्याच्या अक्षरात सात-आठ ओळी होतात. सूचक, अनुमोदक. मग तो मोठ्यानं वाचून दाखवतो आणि शेवटी म्हणतो, "ठराव सर्वानुमते मंजूर."

"सर्वानुमते नाई," तरुण म्हणतो. "मले पटलं नाई. अडवत नाई, पन पटलं नाई. तसं लिही."

सचिव गोंधळतो. त्याच्या नमुन्यात असं काही बसत नाही. सर्वानुमते असतं किंवा बहुमतानं असतं. तो पाटलाकडं बघतो, पाटील छताकडं. शेवटी सचिव समासात, बारीक अक्षरात, त्याचं नाव घालून एक ओळ लिहितो. तरुण वाकून ती वाचतो आणि मगच सही करतो.

रजिस्टर पुन्हा फिरतं. चहा येतो, प्लास्टिकच्या कपात. काही बायका उठून टोपल्या बघू लागतात, पण सचिव त्यांना हातानं थांबवतो. विषय तिसरा बाकी आहे: वणवा. मोहाखालचा पालापाचोळा जाळू नये असा ठराव दरवर्षी होतो, आणि दरवर्षी कुणीतरी पहाटे काडी लावतंच, कारण साफ जमिनीवर फूल वेचायला सोपं जातं. आग तेंदूच्या झुडपांत शिरली तर कोवळी पानं जातात. जाळरेषा काढून झालीये, पण हंगाम संपेपर्यंत रात्री राखण हवी. पूर्वी हे काम वनरक्षकाचं होतं. आता जंगल गावाचं आहे.

"नावं सांगा," सचिव पेन सरसावतो. "रात्रीचे चार-चार जन."

कुणी काही बोलत नाही. सगळ्यांचं लक्ष एकाएकी चहात गुंततं. मजुरी मिळेल का, असं कुणीतरी पुटपुटतं. कोषातून द्यायची की घरपट आळीपाळीनं फुकट जायचं, यावर मागच्या वर्षी सभा मोडली होती, असं काकाजी मला सांगतात.

"लिही याचं नाव पयलं," गोंदलेल्या हाताची बाई बूटवाल्या तरुणाकडं बोट करते. "याले मोठ्या भावानं विकाचं हाय ना जंगल, मंग राखाले बी हाच जाईन."

टिनाखाली हशा उसळतो. तरुण क्षणभर तिच्याकडं बघतो. "लिहा," तो म्हणतो. "पन पानं मोजनाऱ्यायची बी लिहा. बाईच्या घरचे दोघं."

"दोघं नाई, एक," बाई म्हणते. "एक माहेरी गेला हाय."

"माहेरी बायका जातेत, बाई!"

"सासुरवाडीले गेला. लिही एकच."

सचिव दोन्ही नावं लिहितो आणि तिसरं विचारतो.